चिंचोके कुणी सोलले

झालं गेलं गंगेला मिळालं, असं लोक किती सहज म्हणतात. आमच्या नांदेडात गोदावरीलाच गंगा म्हणायची पद्धत आहे आणि मी राहायचे त्या खोलीपासून ती चालत जाण्याच्या अंतरावर होती. तरी मी तिला काही मिळू दिलं नाही. जे झालं ते मी जपून ठेवलं आणि वेळ आल्यावर व्याजासकट परत केलं. याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

डूख धरणं हा आमच्या घरचा गुण आहे. एका लग्नात आमच्या लोकांची पंगत मुद्दाम उशिरा बसवली, म्हणून माझी माय त्या घरी पुन्हा कधी पाणी प्यायलाही थांबली नाही. त्यांच्याकडं मयत झाली तेव्हा दारापर्यंत गेली, उभ्या उभ्या रडली आणि परत आली. वडील तिला समजवायचे, की बाई, सोडून द्यावं. माय म्हणायची, तुम्ही द्या.

मी चाकूर तालुक्यातली. घर बौद्ध, पत्र्याचं. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि त्याखाली माझी प्रमाणपत्रं. औषधनिर्माणशास्त्रात एम.फार्म. करून नांदेडच्या एका कॉलेजात पीएच.डी.ला लागले, तेव्हा मायला काय सांगावं हा प्रश्नच होता. शेवटी म्हटलं, मी गोळीचं औषध बनवत नाही, गोळीचं अंग बनवते. औषध पोटात किती वेळात सुटायचं, हे त्या अंगावर असतं. मायला साखर आहे. दिवसातून तीनदा गोळी घ्यायची आणि रानात गेली की दोनदा विसरायची. सकाळची एक गोळी दिवसभर हळूहळू सुटत राहिली तर तुझं काम भागेल, असं सांगितल्यावर तिला ते पटलं.

असं अंग बनवायला पॉलिमर लागतो, म्हणजे लांबच लांब साखळीचा रेणू. पाणी लागलं की तो फुगतो, जेलीसारखा होतो आणि औषध आत धरून ठेवतो. बाजारात मिळतात ते महाग असतात, बरेचसे बाहेरून येतात. मी चिंचोक्यावर काम करत होते. चिंचोक्याच्या पिठाची खळ धनगर लोक घोंगडीला लावतात, हे लहानपणी पाहिलेलं. त्या पिठातला रेणू अल्कलीत फुगवायचा, त्याला नवे गट जोडायचे आणि पोटातल्या पाण्यात तो जास्त वेळ तग धरेल असा करायचा, ही माझी कल्पना. माझी म्हणजे माझीच. माझ्या गाइडना तर आधी ती हसण्यासारखी वाटली होती.

चिंचोके फुकट मिळायचे. माय हंगामात व्यापाऱ्याकडं चिंच फोडायला जायची आणि येताना धोतराच्या फडक्यात चिंचोके बांधून आणायची. पण त्यांचं ते काळं टरफल काढणं हे दिव्य होतं. आमच्याकडं सगळी दुनिया चिंचोके भाजून सोलते. भाजले की टरफल तडकतं, चोळलं की निघतं. पोरं तसेच खातातही. मीही आधी भाजूनच घेतले आणि माझा पॉलिमर काही फुगेना. गोळी पाण्यात टाकली की तिचा गाळ व्हायचा.

मी कितीतरी दिवस जोडणीतच चूक शोधत होते. मग कंटाळून एक घाणा रात्रभर पाण्यात भिजवला, मायकडून हातानं सोलून घेतला, सावलीत वाळवला आणि दळला. त्या पिठाची गोळी बीकरमध्ये टाकली आणि ती फुगली. काचेसारखी पारदर्शक, गुबगुबीत. सकाळी टाकलेली गोळी संध्याकाळीही आपला आकार धरून होती. भाजताना साखळी आतल्या आत तुटत होती, मी तुटलेल्या साखळीला दागिने चढवत बसले होते. त्या दिवशी मी लॅबमध्ये एकटीच हसले.

मायला मात्र हे अजिबात आवडलं नाही. भिजलेलं टरफल निघतं, पण नखांच्या मुळावर येतं. ती म्हणाली, "भाजले की टरफल आपसूक निघतंय. भिजवून कशाला माझी नखं मोडून राहिलीस?"

मी तिला साखळीची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली, कपाळाला हात लावला आणि पुन्हा सोलायला बसली. मी एस.टी.नं नांदेडला जायची तेव्हा सोललेल्या पांढऱ्याशुभ्र डाळिंब्यांची पिशवी माझ्या मांडीवर असायची.

गाइड माझ्याशी फार गोड बोलायचे. मला ते "बाळ" म्हणायचे. मी पेपरचा खर्डा लिहून दिला तेव्हा त्यांनी लाल पेन काढलं आणि पहिलीच ओळ खोडली. रात्रभर भिजवून, हातानं सोलून, सावलीत वाळवलेले चिंचोके, अशी ती ओळ होती. म्हणाले, बाळ, हे फार गावठी वाटतं, आपण काय कुरडया घालतोय का? सोललेले चिंचोके, एवढं लिही, पुरे. मी म्हटलं, सर, त्यातच तर सगळं आहे. पण फोन आला आणि ते उठून गेले. नंतर मी पुन्हा विषय काढला तर त्यांनी हात झटकला.

पुढं बरेच दिवस पेपरचं काही कळेना. मग एका मैत्रिणीनं मला फोनवर पेटंटचा अर्ज दाखवला, सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना दिसणारा. माझा पॉलिमर, माझे आलेख, माझ्या गोळीचा फोटो. शोध लावणारे दोघं. एक गाइड आणि दुसरा त्यांचा जावई, जो पुण्याला एका कंपनीत विक्रीच्या कामात होता आणि ज्यानं आमच्या लॅबचं दारही पाहिलं नव्हतं. माझं नाव कुठंच नव्हतं.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. मी विचारलं, सर, माझं नाव राहिलं का?

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. म्हणाले, "बाळ, डोकं आमचं होतं. तू फक्त चिंचोके सोललेस. आणि तुम्हा लोकांना नोकरी काय, अशीही मिळते."

माझा थिसिस त्यांच्या सहीवाचून पुढं जाणार नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी "बरं सर" म्हणाले आणि बाहेर आले. त्या दोन शब्दांत मी काय गिळलं ते माझं मला माहीत. पण गिळलं म्हणजे पचवलं असं नाही. त्या दिवसापासून मी रोज वेळेवर लॅबला जायची, त्यांना नमस्कार करायची आणि वाट बघायची. कशाची ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की माझं नाव त्या पॉलिमरवर येईल, नाहीतर कुणाचंच टिकणार नाही.

वेळ त्यांनीच आणून दिली. हैदराबादच्या एका औषध कंपनीला त्यात रस वाटला. त्यांची माणसं कॉलेजात येऊन गोळी डोळ्यांनी बघणार होती. शोध लावणाऱ्यांनीच ती करून दाखवायची, म्हणून जावई सुट्टी काढून आला. माल भरपूर लागणार होता. त्यानं सासऱ्याचा कागद वाचला. कागदात लिहिलं होतं, सोललेले चिंचोके. त्यानं लातूरच्या बाजारातून सोललेल्या चिंचोक्यांचं पोतं मागवलं.

पोतं लॅबमध्ये आलं, तोंड उघडलं आणि खरपूस वास आला. खरं सांगते, इतका सुंदर वास मी आयुष्यात घेतलेला नाही. डाळिंब्या पिवळसर, कडांना तांबूस. जावई एक उचलून दातांखाली धरत मला म्हणाला, मॅडम, क्वालिटी एक नंबर आहे ना? मी म्हटलं, खायला चांगले आहेत. त्याला ते कौतुक वाटलं.

मी सांगू शकत होते. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मी एकदा लिहून दिलं होतं आणि ते लाल पेनानं खोडलं गेलं होतं. खोडलेलं वाक्य पुन्हा तोंडानं म्हणायला मी काही त्यांच्या घरचा पोपट नव्हते.

त्यांच्या गोळ्या माझ्यापेक्षा देखण्या झाल्या. कडक, गुळगुळीत, चकचकीत. त्या पाण्यात टाकून बघाव्यात असं दोघांनाही वाटलं नाही. कशाला वाटेल? आलेख तर तयारच होते, माझे. गाइडनी मला पाहुण्यांसाठी चहा-फराळाचं बघायला सांगितलं. मी निळी साडी नेसले, कडक इस्त्रीची, आणि फोडणीच्या मुरमुऱ्यांची सुशीला नि चहा यांची व्यवस्था चोख ठेवली.

प्राचार्य होते, सगळा स्टाफ होता. कंपनीची तीन माणसं पुढं बसली. मोठ्या बीकरमध्ये अंगाच्या उष्णतेचं पाणी, त्यात गोळी, खाली हळू फिरणारी दांडी. गाइडनी भाषण केलं, मराठवाड्याचा चिंचोका जगात जाणार म्हणाले. जावयानं गोळी सोडली. टाळ्या झाल्या. मग सगळे फराळाकडं वळले. ही गोळी संध्याकाळपर्यंत अशीच राहील, असं गाइड छाती पुढं काढून सांगत होते.

सुशीलाच्या बशा रिकाम्या व्हायच्या आत गोळीच्या कडा सुटायला लागल्या. मी एकटीच बीकरकडं बघत होते. चहा आला तोवर तिला तडा गेला होता. पाहुण्यांनी कप खाली ठेवले तेव्हा गोळी उरली नव्हती, तळाशी पातळ पेजेसारखं काहीतरी फिरत होतं. जावयानं घाईनं दुसरी टाकली. तीही गेली. तिसरी टाकायला त्याचा हात होईना.

पाहुण्यांपैकी एकजण शेजारच्याला हळूच म्हणाला, "अयिपोयिंदी." माझी मावशी देगलूरला दिली आहे, एवढी तेलुगू मला कळते. संपलं, असा त्याचा अर्थ.

गाइडचा चेहरा उतरला. त्यांनी जावयाकडं पाहिलं, बीकरकडं पाहिलं आणि मग सगळ्या खोलीवरून फिरत त्यांची नजर मागं ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माझ्यावर आली. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "बाळ, काय चुकलं असेल गं?"

मी ट्रे खाली ठेवला. पदर सारखा केला. म्हटलं, "मला काय माहीत सर? मी फक्त चिंचोके सोलत होते."

कंपनीतल्या एका बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं, मग गाइडकडं, आणि आपली वही मिटली. काय ते बाईंना समजलं होतं. प्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले. मला एकदम भूक लागली. उरलेली सुशीला मी दोन बशा खाल्ली, तिथंच, उभ्यानं.

पुढं मला फार काही करावं लागलं नाही. कंपनीनं पुन्हा करून दाखवा म्हणून कळवलं होतं आणि करून दाखवणारी एकच होती. गाइडनी घरी बोलावलं, पहिल्यांदाच. म्हणाले, तुझं नाव घालू, कृती सांग. मी म्हटलं, आधी थिसिसवर सही. त्यांनी केली. मग म्हटलं, नाव पहिलं आणि जावयाचं काढा. त्यांनी बायकोकडं पाहिलं. बायको आत निघून गेली. जावयाचं नाव काढायचा अर्जही त्यांनी माझ्यासमोर केला. शाई वाळेपर्यंत मी बसून राहिले.

"आता सांग," ते म्हणाले.

मी पिशवीतून माझा जुना खर्डा काढून त्यांच्यापुढं ठेवला आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. "ही ओळ तेवढी परत लावा, सर."

त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दिवशी त्यांनी मला बाळ म्हटलं नाही, आणि नंतरही कधी नाही.

संध्याकाळच्या गाडीनं मी घर गाठलं. रस्ताभर गोष्ट मनात घोळवत आले होते. मायपुढं बसून सगळी सांगितली. पोतं, बीकर, सगळ्यांसमोर दिलेलं उत्तर, पहिलं नाव. मला वाटलं, डूख धरावी तर अशी, असं म्हणेल.

मायनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "एवढ्यावर सोडलंस व्हय त्याला?"

मी हसले. ती हसली नाही. दिव्याकडं हात धरून ती आपल्या बोटांकडं बघत होती. नखांच्या कडा अजून काळ्या होत्या.

"आन् मी सोलले, मी सोलले म्हणून सगळ्यांना सांगून राहिलीस," ती म्हणाली. "तू कवा सोलले गं?"

अर्ज तर भरून झाला होता, त्यात मायचं नाव कुठंच नव्हतं.

आता मी लातूरला शिकवते. माय माझ्याकडंच असते. घरी कुणी आलं आणि भिंतीवरचा तो पेटंटचा कागद दिसला, की ती पाहुण्याला जवळ बोलावते, त्यावरचं माझं नाव दाखवते आणि सांगते, की हिनं लई मोठा शोध लावलाय, पर चिंचोके मी सोलले. सांगताना ती माझ्याकडं बघत नाही.