साइटमामांचं कंपाउंड

मोकळी जागा दिसली की आमचे मामा ती पावलांनी मोजायचे. देवळाचं पटांगण असो, शाळेचं मैदान असो, हात मागे बांधून, ओठांत आकडे पुटपुटत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. माझ्या लग्नात कन्यादानाच्या वेळी माझे वडील डोळे पुसत उभे होते, आणि हा माणूस कार्यालय मोजून त्यांच्या कानाशी लागला, "भावोजी, तीस बाय चाळीसच्या चार साइट आरामात बसतात. एक कॉर्नर." वडिलांना रडता रडता हसू फुटलं. बंगळुरात प्लॉटला साइट म्हणतात, म्हणून मामांचं नाव पडलं साइटमामा. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

चिकपेटला त्यांचं लुंग्या-चादरींचं होलसेल दुकान होतं, आजोबांच्या काळापासूनचं. आठवड्याचे सहा दिवस ते दुकानात आणि रविवारी साइट बघायला. मागे मामी, मामींच्या मांडीवर चित्रान्नाचा डबा, आणि स्कूटर शहराबाहेरच्या कुठल्या तरी लाल मातीत. एखाद्या झाडाखाली बसून दोघं डबा खायची आणि परत यायची. शेकडो साइट बघितल्या असतील, आयुष्यात घेतल्या फक्त दोन. पहिल्या साइटवर दुसऱ्याच कोणी तरी रातोरात शेड ठोकली आणि मामा आठ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. तेव्हापासून त्यांनी स्वतःपुरता एक कायदा केला होता. "जागा घेतली की आधी कंपाउंड. घर मग. वास्तुशांत त्याच्या मग." कोणी नवी साइट घेतली की पेढा तोंडात टाकायच्या आत मामा विचारायचे, "कंपाउंड कधी घालता?"

मामी गेल्या आणि रविवार संपले. मामांनी दुकान चुलतभावाकडे सोपवलं आणि मुलाकडे, गिरीशकडे, राहायला गेले. सर्जापूर रोडला अकराव्या मजल्यावर. गिरीश आणि सून दोघंही कंपनीत, नातू शाळेतून थेट क्लासला. एकदा मी भेटायला गेले तर मामा म्हणाले, "नीलू, काल दिवसभरात माझ्याशी कोण बोललं सांगू? लिफ्ट." लिफ्टमध्ये एक बाई मजल्याचा नंबर सांगते, तिच्याबद्दल बोलत होते. मी हसले. आता आठवलं की हसल्याची लाज वाटते, कारण त्यांना दुसरं काहीही नको होतं. दिवसातून कोणी तरी चार शब्द बोलावं एवढंच हवं होतं.

मग गिरीश त्यांना बालीला घेऊन गेला. सगळे समुद्रावर लोळत असताना मामा गाडीच्या ड्रायव्हरशी गप्पा मारत बसले. सुगेंग त्याचं नाव, शेजारच्या जावा बेटावरच्या एका खेड्यातला. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, तर मामा दोन दिवसांसाठी त्याच्याबरोबर बोटीने त्याच्या गावी गेले. डोंगराच्या पायथ्याशी पन्नास-साठ घरं, वर कॉफीचे मळे, खाली भाताची खाचरं. आणि गावातले सगळे पुरुष लुंगी लावलेले! मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज थरथरत होता. "नीलू, सगळं गाव लुंगीत गे! आणि कापड काय आहे सांगू! मी हात लावून बघितलं." रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या लुंगीचा काठ चिमटीत धरून सूत बघणारे मामा माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्या माणसाने म्हणे त्यांना घरी नेऊन कॉफी पाजली.

परत आले ते निश्चय करूनच. सुगेंगच्या काकांची अर्धा एकर जागा, तिच्यावर छोटं घर, आणि कॉफी वाळवायला सिमेंटचं अंगण नि साल काढायचं मशीन. गावातल्यांनी आपापली फळं आणायची, मामांनी ती साफ करून बंगळूरच्या ओळखीच्या कॉफीवाल्यांना पाठवायची. तिथे परक्या माणसाला जमीन विकत मिळत नाही, भाडेपट्ट्यावर घ्यावी लागते. जन्मभर दुसऱ्यांना "खाता-उतारा बघितला का? टायटल क्लिअर आहे का?" असं दरडावणारे मामा, आणि आयुष्याची कमाई लावली ती मालकीची कधीच न होणाऱ्या जागेत. गिरीश संतापला. मामा एवढंच म्हणाले, "सरी, असू दे. माझं वय बघ. मलाही आता भाडेपट्टाच आहे."

तिथे जाऊन त्यांनी पहिलं काय केलं, हे सांगायला नकोच. फोटो आला. सात फूट उंच भिंत, वर काचांचे तुकडे, लोखंडी गेट आणि गेटवर बोर्ड, 'ही साइट अमुक यांच्या ताब्यात आहे', इंग्रजीत आणि खाली कन्नडमध्ये. जावातल्या त्या खेड्यात कन्नड कोण वाचणार होतं, देव जाणे.

पहिला हंगाम आला आणि गेला. कॉफीचं एक पोतंही आलं नाही. मशीनवरची ताडपत्री काढायची वेळच आली नाही. मामांचे फोन हळूहळू सर्जापूर रोडच्या दिवसांसारखे व्हायला लागले. "सगळे हसून हो हो म्हणतात, नीलू. येत मात्र कोणी नाही. दिवसच्या दिवस कोणी गेट वाजवत नाही." दुसऱ्या हंगामातही असंच झालं तर गाशा गुंडाळून अकराव्या मजल्यावर परत यावं लागणार होतं. आणि मामांना पैसे बुडण्यापेक्षा त्या मजल्याची धास्ती जास्त होती. मी नुकतीच बँकेतून व्हीआरएस घेऊन लवकर रिटायर झाले होते. तिकीट काढलं आणि गेले.

शेजारच्या घरात एक साठीची विधवा राहायची, सुमी नावाची. मामा तिला सुमीअक्का म्हणायचे. अण्णा आणि अक्का हे दोन शब्द त्यांनी गावभर वाटले होते, आणि गाव त्यांनाच अण्णा म्हणायला लागलं होतं. पाठीला टोपली बांधून ती सकाळी कॉफीची फळं धुवायला ओढ्यावर निघाली, तेव्हा मी आणि सुगेंग तिच्याबरोबर निघालो. ओढा मामांच्या घरामागेच दिसत होता. पण ती आम्हाला मामांच्या भिंतीच्या कडेकडेने, मग चिखलाच्या बांधावरून, असं वीस मिनिटं फिरवत घेऊन गेली. एकदा मी घसरून पडले. पुन्हा घसरले तेव्हा चिडून सुगेंगला विचारलं, "सरळ वाट नाही का?"

तो आपल्या पायांकडे बघत म्हणाला, "होती. अण्णांच्या अंगणातून."

मग हळूहळू कळलं. त्या गावात कुठल्याच घराला कुंपण नाही. वाट एकाच्या स्वयंपाकघरापुढून जाते, दुसऱ्याच्या न्हाणीमागून निघते. जाणारा डोकावतो, घरातला विचारतो, खाल्लंस का, कुठे निघालास. गावाचा सगळा संसार या वाटांवर चालतो. "मग मामांना सांगितलं का नाही?" मी ओरडलेच. सुगेंगने ते सुमीअक्कांना सांगितलं. त्यांनाच नवल वाटलं. माणसाच्या तोंडावर असं कसं सांगायचं? एवढा खर्च करून भिंत बांधली म्हणजे अण्णांना एकटं राहायला आवडत असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांना त्रास नको म्हणून कोणी गेट वाजवत नव्हतं.

मामांना हे सांगितलं तर आधी भडकले. "वाट? डॉक्युमेंटमध्ये वाट नाही! मी तीनदा वाचलंय!" दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. संध्याकाळी भिंतीच्या आतून येरझारा घालायचे, पण पावलं मोजत नव्हते. एकदा मला म्हणाले, "त्यांना वाटलं मला एकटं आवडतं?" मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाडधाड आवाजाने मी बाहेर आले. मामा, वय वर्षं अडुसष्ट, लुंगी वर खोचून पहार मारत होते. पहिल्यांदा बोर्ड काढून ठेवला होता. दहा मिनिटांत घामाने निथळले आणि भिंतीला जेमतेम दोन विटा रुंदीचं खिंडार पडलं. तेवढ्यात पलीकडून कोणाची तरी कुदळ चालू झाली. मग आणखी एक. त्या गावाची रीतच आहे, कोणाचं काम निघालं की आवाज ऐकून माणसं हत्यारं घेऊन येतात. मजुरी विचारली तर रागावतात. बायकांनी अंगणातच चूल पेटवून केळी तळायला घेतली. सुमीअक्का एकट्या खराटा घेऊन काचांचे तुकडे वेचत होत्या, कारण उद्यापासून तिथून लोक अनवाणी जाणार होते. दुपारपर्यंत भिंत जमिनीला लागली आणि तिच्याच विटा ओढ्यापर्यंत वाटेवर अंथरून झाल्या. मामा तळलेलं केळं हातात धरून पायरीवर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मामींच्या दिवसांतही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

त्या हंगामात मशीन चाललं. मामा काही श्रीमंत झाले नाहीत. पण नंतरची सहा वर्षं त्यांच्याशी फोनवर सलग पाच मिनिटं बोलता आलं नाही. मध्येच कोणी तरी जायचं, मामा फोन बाजूला धरून त्याची विचारपूस करायचे, मग मला सांगायचे, "स्वल्प थांब गे, याच्या म्हशीचं विचारतो." वर तक्रार, "स्वस्थता म्हणून नाही या गावात!" ती तक्रार करताना त्यांचा आवाज इतका खूश असायचा! त्यांनी बंगळूरहून फिल्टर नेला होता, पण गावात कॉफीची पूड पेल्यात टाकून वरून उकळतं पाणी ओततात आणि गाळ बसेपर्यंत गप्पा मारतात. मामांनी फिल्टर फळीवर ठेवून दिला. म्हणाले, "फिल्टरची कॉफी लगेच पिऊन होते. हिला वेळ लागतो. तेवढा वेळ माणूस बसतो."

मग हृदयाचं दुखणं निघालं आणि गिरीशने त्यांना परत आणलं. त्याला दोष देता येत नाही. त्या गावापासून मोठं हॉस्पिटल तीन तासांवर, आणि मुलाने केलं ते सगळं मनापासून केलं. दिवसभराची नर्स ठेवली. मामा म्हणायचे, "पावसाळा संपला की जातो." मग, "दिवाळी झाली की जातो." तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं. मी बंगळुरातल्या शिवाजीनगरजवळ राहते. दर रविवारी दोन बस बदलून जायचे. एका रविवारी गेले नाही. कारण काही नव्हतं, ट्रॅफिकचा कंटाळा आला. मंगळवारी दुपारी नर्स खाली औषधं आणायला गेली होती, गिरीश ऑफिसात होता. वर आली तेव्हा मामा खुर्चीत गेलेले होते.

सुगेंगचा फोन आला. गावातल्यांना नेमका दिवस हवा होता, कारण चाळिसाव्या दिवशी ते गेलेल्या माणसाच्या नावाने एकत्र बसतात, प्रार्थना करतात, जेवतात. अण्णा वेगळ्या धर्माचे, पण गावातल्या म्हाताऱ्यांनी तो प्रश्न पाच मिनिटांत निकालात काढला होता. मी आणि गिरीश गेलो. मामांच्या अंगणात चटया टाकल्या होत्या. सत्तर-ऐंशी माणसं होती. प्रार्थना झाली, केळीच्या पानांतला भात वाटला गेला, आणि मग सुमीअक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी काही तरी विचारलं आणि आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. सुगेंगने मला सांगितलं, "त्या विचारतायत, अण्णा गेले तेव्हा जवळ कोण होतं?"

गिरीशने मान खाली घातली.

"मी होते," मी म्हटलं. "हात धरून बसले होते. आम्ही बोलत होतो."

सुगेंगने ते सांगितलं. सुमीअक्कांनी डोळे पुसले, मागच्यांना वळून सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना. माणसं हलली, हसली, पुन्हा जेवायला लागली. एक म्हातारा येऊन माझ्यापुढे हात जोडून गेला. मी भात खात राहिले. खोटं बोलल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते याचं, की ते खोटं होतं.