व्हिएन्नात धरलेली जागा

बहरीनमधल्या तमाम मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, प्रवासात पासपोर्ट चिवड्याच्या डब्यात ठेवू नयेत. ठेवलेच तर नवऱ्याला सांगावं. नवऱ्याला सांगायचं नसेल तर निदान डबा हातातून सोडू नये. या तिन्ही सूचना मी एकाच दिवसात मोडल्या आहेत, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा मला पूर्ण अधिकार आहे.

डबा स्टीलचा, कडीचा, दिवाळीतल्या उरलेल्या चिवड्याने गळ्यापर्यंत भरलेला. तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, आम्हा तिघांचे पासपोर्ट: नवऱ्याचा, माझा आणि बारावीतल्या लेकीचा. योजना माझी एकटीची. निघण्याआधी आठवडाभर जुफैरच्या आमच्या इमारतीतल्या बायकांनी माझी तयारी करून घेतली होती. युरोपातला पाकीटमार सुटाबुटात असतो, तो आधी गोड हसतो, वगैरे. एकीने जनाबियात राहणाऱ्या आपल्या जावेची पर्स ट्राममध्ये कशी गेली आणि मग ती चार दिवस दूतावासाच्या बाकावर कशी बसून होती, हे साभिनय करून दाखवलं. एरवी असले अभिनय मी करते आणि बाकीच्या घाबरतात. त्या दिवशी मी घाबरले.

बहरीनमध्ये अठरा वर्षं राहून माणसाचं एक नुकसान होतं. चोराला भ्यायची सवय जाते. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याकडे, पाव घ्यायला उतरताना आपण गाडी चालू ठेवतो, एसीसकट. मॉलमध्ये जेवायला टेबल धरायचं तर त्यावर पर्स ठेवतो आणि खुशाल रांगेत जाऊन उभे राहतो. अशा माणसाला अचानक चोरांच्या गावात सोडलं तर तो चिवड्याचाच आश्रय घेणार.

आणि पासपोर्ट जाऊन चालणारच नव्हतं. नवऱ्याची जुनी नोकरी उन्हाळ्यात सुटली होती. बावन्नाव्या वर्षी आखातात दुसरी मिळवणं म्हणजे काय, ते ज्याने मिळवली त्यालाच विचारावं. मिळाली होती. रविवारी सकाळी सात वाजता हजर व्हायचं होतं. व्हिएन्नाच्या सहलीची तिकिटं त्याआधीची, रद्द न होणारी, म्हणून तर आलो. ही गोष्ट गुरुवारची, आणि शुक्रवारी सकाळी आमचं परतीचं विमान. सहलीच्या चारही दिवसांत नवऱ्याने रविवारचा गजर रोज नव्याने तपासला होता. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये आहेत, अशी त्याची समजूत होती.

सकाळी आम्ही राजवाडा पाहिला. पिवळा होता. याहून जास्त मला सांगता येणार नाही, कारण माझं सगळं लक्ष लोकांच्या हातांवर होतं. ट्राममध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हसून मला जागा देऊ केली. मी डबा असा काही छातीशी आवळला की ते बिचारे पुन्हा बसले. दुपारी नवऱ्याने चिवडा मागितला. इथे बाहेर खायला बंदी आहे, असं मी ठोकून दिलं, तर तो बराच वेळ तशी पाटी शोधत राहिला.

तीनच्या सुमाराला आम्ही मोठ्या चर्चपुढच्या चौकात आलो. लिफ्टमधून गाडीत आणि गाडीतून लिफ्टमध्ये अशी सवय झालेल्या पायांनी केव्हाच हात टेकले होते. घोडागाड्या उभ्या होत्या, थंडी कडाक्याची होती आणि नेमक्या उन्हाच्या पट्ट्यात एक बाक रिकामा होता. टेकतो न टेकतो तोच लेकीला चर्चच्या दारात तिघांचा फोटो हवा झाला. उठलो तर बाक जाणार. मग मी काय केलं असेल? भाजीच्या निळ्या पिशवीतला तो डबा बाकाच्या मधोमध ठेवला. जागा धरायला.

कुणी चोरला नाही, कुणी हसून फसवलं नाही. मी माझ्या हाताने ठेवला आणि केस सारखे करत फोटोला गेले.

लेकीला पहिले अकरा फोटो पसंत पडले नाहीत. मग दारातल्या गर्दीबरोबर आम्ही आतच शिरलो. आत अंधार, मेणबत्त्या, उंचच उंच खांब. किती हलकं वाटतंय, असा विचार माझ्या मनात आला. दिवसभरात पहिल्यांदाच हात मोकळे होते. हात मोकळे का आहेत, हे कळायला दोन श्वास लागले असतील. तिसरा श्वास आलाच नाही.

बाहेर आले तेव्हा चौकाचा तेवढा तुकडा रिकामा झाला होता. घोडागाड्या मागे नेलेल्या. लोक लांब गोल करून उभे. रस्ता अडवायची पट्टी ओढणारा एक पोलीस, वायरलेसवर बोलणारी एक पोलीसबाई आणि मधोमध, उन्हात, एकटी, माझी निळी पिशवी.

लेक माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "ममा, दे थिंक इट्स अ बॉम्ब."

नवऱ्याने माझं कोपर धरलं. अत्यंत शांतपणे, ओठ न हलवता तो समजावू लागला की मागे बघायचं नाही, उजवीकडच्या गल्लीतून चालायला लागायचं. चिवडा काय, घरी गेल्यावर पुन्हा करता येईल. परक्या देशात पोलिसांच्या वहीत नाव चढलं की विमानतळावर अडवतात, मग रविवार खलास. आखातात अठरा वर्षं काढलेला माणूस दुसरं काय बोलणार? त्याचं सगळं बरोबर होतं.

मी म्हटलं, "अहो, पासपोर्ट त्यात आहेत."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने माझ्या पर्सकडे पाहिलं, मग त्या पिशवीकडे पाहिलं आणि चर्चच्या पायरीवर बसला. थंडीत त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्या घामाने मी जितकी घाबरले, तितकी पोलिसांनी नाही.

मग मी निघाले. पंचवीसेक पावलं असतील. पोलीसबाईने हात वर करून थांबवलं, तेव्हा मीही दोन्ही हात वर केले. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पिशवी माझी आहे, एवढं माझ्या इंग्रजीने कसंबसं सांगितलं. आत काय आहे, असं तिने विचारलं. चिवड्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे जगात कुणालाच ठाऊक नाही. मी राइस म्हटलं, मग नट्स म्हटलं, मग घाबरून दोन्ही पुन्हा म्हटलं. कुठून आलात, या प्रश्नाला मी इंडिया म्हणाले आणि माझ्या मागून धावत आलेली लेक त्याच क्षणी बहरीन म्हणाली. बाईने दोघींकडे पाहिलं आणि ज्याच्या भीतीने मी दिवसभर मरत होते तेच वाक्य उच्चारलं. पासपोर्ट दाखवा.

मी बाकाकडे बोट केलं.

तिला वाटलं, मला समजलं नाही. तिने पुन्हा मागितला. मी पुन्हा बोट केलं. पर्समधून बहरीनचं ओळखपत्र काढून दिलं. तिने ते नीट पाहिलं, मागे-पुढे फिरवलं आणि सभ्यपणे परत केलं. मग वायरलेसवर फार लांबलचक बोलणं झालं, त्यातला एकही शब्द मला कळला नाही, आणि त्या वेळात मी मनातल्या मनात दूतावासाच्या बाकावर बसले, रविवारचे सात वाजलेले पाहिले, आणि नव्या कंपनीने नवऱ्याच्या जागी दुसरा, तिशीतला माणूस घेतलेलाही पाहिला.

शेवटी दुसऱ्या पोलिसाने काठीने पिशवीचं तोंड उघडून आत डोकावून पाहिलं आणि बाईने मला डबा उघडायला सांगितलं. सावकाश. मी दगडी फरसबंदीवर गुडघे टेकले. कडी नेहमीसारखी अडकली. उघडली तेव्हा असा खट्ट आवाज झाला की गोलातले लोक एक पाऊल मागे सरले. मी मनगटापर्यंत हात घातला. शेंगदाणे, डाळ्या, कढीपत्ता सगळीकडे सांडला, आणि व्हिएन्नाची कबुतरं कुणाची परवानगी न घेता पट्टीच्या आत आली. तेलकट पिशवीतून मी तिन्ही पासपोर्ट काढून दिले.

नवरा केव्हा येऊन शेजारी उभा राहिला, मला कळलं नाही. बाईने दोन बोटांनी त्याचा पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, मान हलवली. लेकीचा पाहिला, मान हलवली. मग माझा उघडला. फोटोकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं: काजळ गालावर, हळद मनगटापर्यंत, तोंडाने अजून राइस, नट्स चालूच. पुन्हा फोटोकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. तिची मान काही हलेना.

तेव्हा माझ्या नवऱ्याचा धीर सुटला आणि तो त्या ऑस्ट्रियन पोलीसबाईला चक्क मराठीत म्हणाला, "तीच आहे हो, शप्पथ. फोटोत तोंड बंद आहे, म्हणून ओळखू येत नाही."