खाण्याकडं का तळण्याकडं?

आमच्या गौरात्यानं पोरांना बाजारात नेलं की ती त्यांना मुद्दाम सोडून द्यायची. मुरुमच्या आठवडी बाजारात शिरताच ती बांगडीवालीशेजारी बैठक मारी आणि आम्हा भाचरांना सांगे, "घ्यायचं काय बी न्हाय. नुसतं हिंडा, अन् पाय कुठं थांबला ते येऊन सांगा." कोण पुढं काय होणार, हे त्यावरून ओळखता येतं, अशी तिची खात्री होती.

माझा थोरला भाऊ शिवा जिलबीच्या कढईपुढं सापडला. आम्ही हसून लोळलो. आत्या मात्र गंभीर.

"खाण्याकडं बघत होतास का तळण्याकडं?"

"तळण्याकडं. वेटोळं मोडत कसं न्हाय, ते बघत होतो."

"हा हॉटेल काढणार," आत्यानं जाहीर केलं. आमच्या वडिलांना, अप्पांना, त्याला सरकारदरबारची उर्दू शिकवून तहसिलीत चिकटवायचं होतं. ते बहिणीवर चांगलेच फुगले. शिवानं पुढं हॉटेलच काढलं.

आत्या चुकायचीही. धाकटा मल्लू कुंभारापाशी रमला म्हणून तिनं परसात मातीचा ढीग टाकला. चिखल भरपूर झाला, मडकं एकही नाही. मग कळलं, मल्लूला कुंभाराचं गाढव आवडलं होतं. "विचारायचंच ऱ्हायलं की," म्हणत आत्या पोट धरून हसली.

माझे पाय हाडवैद्यापाशी थांबले. तो एका म्हाताऱ्याचा निखळलेला खांदा बसवत होता. म्हातारा बोंबलत होता, बघे तोंड फिरवत होते. मी त्याचा दुसरा हात धरून बसले.

आत्यानं या खेपेला नीट विचारलं. "भ्या वाटलं?"

"लई."

"मग पळाली का न्हाईस?"

"आजोबांना कुणी तरी धराय पाहिजे की."

पुढं रझाकारांची धास्ती वाढली. अप्पांनी घाईनं माझ्यासाठी स्थळ बघितलं. आत्या आडवी आली. "सोलापूरला माझी नणंद हाय. हिला तिकडं धाड. दवाखान्यात नर्सचं शिकंल."

"लोक काय म्हणतील, अक्का?"

वाद संपवायचा असला की आत्या कानडीवर येई. "साकु!" म्हणजे पुरे. अप्पांनी स्थळाला नकार कळवला.

मोटारीत बसताना मी विचारलं, "आत्या, तुमचा पाय कुठं थांबला होता?"

"मला कोण सोडतंय हिंडायला? म्या पहिला बाजार बघितला त्यो माझ्याच लग्नाच्या बस्त्याचा." ती हसली, मला हसता आलं नाही.

मोटार घरघरली. तिनं माझं बोचकं खिडकीतून आत ढकललं.

"अन् हे बघ, तिथं जीव रमला न्हाय तर माघारी ये. भिऊ नगंस. म्या परत बाजारात सोडते."