कुसाबाईचा स्टोव्ह

मोहिनी गांगुर्डेला म्हाताऱ्या चांगल्या जमायच्या. वय सदतीस, केस काळेभोर. पण कमरेत वाकून एक हात गुडघ्यावर ठेवला आणि खालचा ओठ आत ओढला, की समोर सत्तरीची बाई उभी राही. देवळाली कॅम्पात ती डबे करून द्यायची. नवरा धनराज कारखान्यात फिटर होता, आणि त्या कारखान्याच्या वतीनं ती दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत काम करायची. तिथंच तिला सोमनाथनं हेरलं.

सोमनाथचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. अठ्ठ्याण्णव साली केबलवाल्यांनी शहरापुरतं एक चॅनल काढलं, तेव्हा दर मंगळवारी वीस मिनिटांची विनोदी मालिका करायचं त्यानं अंगावर घेतलं. तिचा सगळा खर्च उचलणार होता देवरामशेठ. त्याचा ‘मंगलज्योत’ नावाचे पंपाचे स्टोव्ह करायचा कारखाना होता. त्याचं म्हणणं एवढंच, की गोष्ट स्वयंपाकघरात घडली पाहिजे आणि शेवटी स्टोव्ह पेटला पाहिजे. मालिकेचं नाव ठरलं ‘कुसाबाईचं स्वयंपाकघर’. मोहिनी कुसाबाई झाली. सुनेला घालूनपाडून बोलणारी, आणि दर वेळी स्वतःच फजीत होणारी सासू. भाग संपताना ती स्टोव्ह पेटवायची आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणायची, “सुनेसारखी फुरफुर नाही बाई याची. एका काडीत पेटतो.”

हे वाक्य शेठनं स्वतः लिहून आणलं होतं. पहिल्यांदा म्हणताना मोहिनीची जीभ अडखळली. का, ते तिला सांगता आलं नसतं. सोमनाथ म्हणाला, “मस्त. असंच अडखळून म्हणा, ताई.”

दोन महिन्यांत तिला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. बसचा कंडक्टर “कुसाबाई, सून कुठं सोडली?” असं विचारत तिकीट फाडायचा. शाळेतली पोरं तिचं वाक्य एकमेकांना ऐकवायची. सिन्नरचे, मनमाडचे केबलवाले कॅसेटी घेऊन जाऊ लागले. लग्नाच्या रुखवतात मंगलज्योत दिसू लागला, निळ्या टाकीचा, तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर कुसाबाईचा हसरा फोटो. मोहिनीला त्याची गंमत वाटायची. थोडी फुशारकीही.

दहाव्या भागाच्या शूटिंगला ती खाली बसली तेव्हाच रॉकेलचा वास नेहमीपेक्षा जास्त येत होता. स्टोव्हखालच्या फळीवर ओला गोल उमटला होता. तिनं काडी ओढली. बर्नर पेटला, आणि पाठोपाठ टाकीच्या कडेनं एक निळी रेघ सरसर खाली उतरली. क्षणात फळी पेटली, पदराचं टोक आक्रसलं. सोमनाथनं ओलं पोतं टाकलं म्हणून निभावलं. नंतर सगळे खूप हसले, घाबरल्यावर माणसं हसतात तसे. तेवढा तुकडा कापून टाकला.

पुढच्या आठवड्यात ती गेली तर फळीवर वेगळाच स्टोव्ह होता. जुना, पितळी, जड. कुणाच्या तरी आजोळचा असावा तसा. टाकीला निळा रंग दिलेला आणि वर मंगलज्योतचा कागद. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर वाळूची बादली.

“हा कुठला?” तिनं विचारलं.

“शेठकडूनच आलाय,” सोमनाथ तिच्याकडे न बघता म्हणाला. “पडद्यावर काय कळतंय, ताई. तुम्ही आपलं वाक्य म्हणा.”

तिनं म्हटलं.

घरी शेठनं भेट दिलेला एक मंगलज्योत होता. त्या रविवारी धनराजनं तो अंगणात नेला, रिकाम्या टाकीत हवा भरली आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. जोडावरून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत राहिली. “डाग कच्चा दिलाय,” तो म्हणाला. “जोड नीट झाळलेलाच नाही. आज नाही तर महिन्यानं उकलणार.” त्यानं स्टोव्ह पालथा घालून गोठ्याच्या पत्र्यावर ठेवला, जिथं कुणाचा हात पोचणार नाही.

मोहिनी सोमनाथला बोलली. सोमनाथ शेठला बोलला. शेठचा निरोप आला, की तेवढा एकच माल खराब होता, आता मशीन नवीन आणलंय. हे खरं असेल, असं तिनं स्वतःला पटवलं. पटवायला फार कष्ट पडले नाहीत, आणि तीच गोष्ट पुढे तिला सगळ्यात जास्त टोचली. कारण बायका तिला रस्त्यात थांबवून विचारायच्या, “कुसाबाई, आमचा जरा फुसफुसतो. होईल ना सुरळीत?” आणि ती म्हणायची, “चावी सैल करून ठेवत जा.” मग घाईघाईनं पुढे व्हायची. मंगळवारी घरात टीव्ही लागला, की धनराज उठून बाहेर जाऊन बसायचा. ती पडद्यावर स्वतःला हसताना बघायची, आणि तिचे कान मात्र शेजारच्या घरांतल्या पंपांच्या आवाजाकडे असायचे.

फेब्रुवारीत सिन्नरच्या आठवडे बाजारात शेठनं जाहिरातीचा कार्यक्रम ठेवला. टेंपोच्या हौद्यावर स्वयंपाकघर मांडलं, खाली तीन-चारशे माणूस. मोहिनी पांढऱ्या केसांचा टोप आणि नऊवारी चढवून टेंपोमागे उभी होती. तेवढ्यात एक बाई गोणपाटात काहीतरी गुंडाळून तिच्यापाशी आली. पन्नाशीची, पायात चपला नाहीत.

“मी अक्काबाई. माळवाडीची,” ती म्हणाली. “हे बघा.”

गोणपाटात निळी टाकी होती, जोडावर उकललेली, काळवंडलेली. फोटोतली कुसाबाई अर्धी जळून गेली होती.

“माझी सून आशा. दवाखान्यात हाय. हात अन् गळा भाजला. लोक म्हणत्यात, म्हातारीनं पेटवली. आशा सांगती, स्टोव्ह भडकला, पर लोकांस्नी वाटतंय, ती घाबरून बोलती म्हून. पोलिसबी तेच विचारत्यात, की टीवीवर तर दर मंगळवारी पेटतो, तुझ्याच घरी कसा भडकला?” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकवेना. “पोरं माझ्या दाराम्होरून तुमचं ते वाक्य म्हणत जात्यात. मला एवढंच सांगा बाई, तुम्ही पेटवता त्यो हाच ना? मग माझंच काय चुकलं?”

वरून सोमनाथनं हाक दिली. मोहिनी टेंपोची शिडी चढली. गर्दीनं टाळ्या पिटल्या. ती कमरेत वाकली, सवयीनं. सून झालेली मुलगी पहिलं वाक्य बोलली. मोहिनीनं पितळी स्टोव्ह उचलला आणि त्यावरचा कागद नखानं सोलून काढला.

“हा मंगलज्योत नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला विकतात तो पेटवताना भडकला. माझा पदर जळाला.”

लोक खदाखदा हसले. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हसून डोळे पुसले. मोहिनीनं पुन्हा सांगितलं, तर आणखी हसले. कुसाबाई आता काय फजीत होते, त्याची वाट बघत. मग तिनं टोप काढून खाली ठेवला, ताठ उभी राहिली आणि आपल्या आवाजात म्हणाली, “माझं नाव मोहिनी धनराज गांगुर्डे. घरी जाऊन टाकीत हवा भरा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर पेटवू नका.”

हसू कडेकडेनं विझत गेलं. मागच्यांना कळायला वेळ लागला. माइक बंद झाला होता, पण ती बोलत राहिली. शेठचा माणूस वर चढला तेव्हा ती शिडीवरून उतरून अक्काबाईपाशी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी धनराजनं सुट्टी टाकली. पत्र्यावरचा स्टोव्ह काढला आणि दोघं सिन्नरच्या पोलिस ठाण्यात गेली. मोहिनीनं जबाब दिला. धनराजनं बादलीत स्टोव्ह बुडवून दाखवला. साहेबांनी दोनदा बघितलं. आशाचा जबाब पुन्हा घेतला गेला आणि अक्काबाईवर गुन्हा दाखल झाला नाही. आशा महिन्यानं घरी आली. मान डावीकडे वळेना, पण जगली. मोहिनी तिला भेटायला गेली, तेव्हा आशानं चहा केला, चुलीवर. “तुम्ही खऱ्या लय तरण्या दिसता,” एवढंच ती म्हणाली. मोहिनीनं कपातला चहा कसाबसा संपवला. अक्काबाई वेशीपर्यंत पोचवायला आली. वाटेत कुणी तिच्याशी बोललं नाही. गावाचं मन जबाबानं बदललं नव्हतं.

मालिका बंद पडली नाही. तीन आठवड्यांनी तीच नऊवारी नेसून दुसरी बाई कुसाबाई झाली. मग पावसाळ्यात मंगलज्योतचा कारखाना आपोआप बंद झाला, शेठ कुठं गेला कळलं नाही, आणि कुसाबाईही संपली. मोहिनीनं पुन्हा नाटकात काम केलं नाही. डबे चालू ठेवले.

दोन हजार चारच्या मे महिन्यात मनमाडला धनराजच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. रुखवताच्या टेबलावर, फराळाच्या ताटांमध्ये, एक हिरव्या टाकीचा स्टोव्ह होता. नाव वेगळं. धनराजनं तो सहज उचलला, उलटा केला, आणि जोडावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला. त्यानं मोहिनीकडे पाहिलं.

ती मुलीच्या आईला बाजूला घेऊन बोलली, पुरतं समजावून. आईनं ऐकून घेतलं. “बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली, “पण आता मांडलेलं काढलं तर व्याही काय म्हणतील? लग्न पार पडू दे, मग कळवते तिला.”

चार वाजता पाठवणी झाली. सामानाच्या टेंपोत गाद्या, कपाट, भांड्यांचं पिंप चढलं. स्टोव्ह कुणीतरी अगदी शेवटी, गाद्यांवर ठेवला, हिसका बसू नये म्हणून. टेंपो मालेगावच्या रस्त्याला लागला. मोहिनीनं मुलीच्या सासरचा पत्ता एका पत्रिकेमागे लिहून घेतला आणि धनराजला म्हणाली, “मालेगावला उद्याची पहिली गाडी किती वाजता आहे, विचारून ये.”