दिसायचे दात

मास्तरांची सगळी पुण्याई वरच्या चार दातांवर उभी होती. परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणाऱ्या कचेरीत ते पोरापोरींना इंग्रजी उच्चार शिकवायचे. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात कागदाची पट्टी.

"वरचे दात खालच्या ओठावर टेकव. चावू नकोस, आपलाच ओठ आहे, उसना नाही! आता हलकेच वारा सोड. हा झाला एफ."

नीट जमलं की पट्टी नुसती थरथरायची. कुणी सवयीनं दोन ओठ मिटून आपला फ काढला, की ती फाडकन उडायची आणि मास्तर ओरडायचे, "आला गावंढळ! हाकला त्याला बाहेर."

एका पोरीची पट्टी दर वेळी उडायची. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं 'फुंकणी'. वर्ग खिदळायचा, ती खाली मान घालून बसायची. पुढे ती रडतरखडत शिकली, चढत गेली आणि त्याच कचेरीची मोठी बाई झाली.

उतारवयात मास्तरांच्या हिरड्यांनी दावा साधला, दात गेले. कवळी करणाऱ्यानं विचारलं, "काका, दात खायला हवेत की दिसायला?"

मास्तर ऐटीत म्हणाले, "दिसायला! चारचौघांत उभा राहणारा माणूस आहे मी."

बोलायला हवेत, हे सांगायचंच राहिलं. दात आले मोत्यांसारखे, पण लांब. एफ काढायला जावं तर शिट्टी वाजे, 'थँक यू' म्हणताना जीभ कवळीलाच बाहेर ढकले. आणि दरवर्षीप्रमाणे मास्तरांवर मोठ्या बाईंपुढे बोलून दाखवायची वेळ आली होती. त्यावरच पुढच्या वर्षीची नोकरी ठरायची.

बायको म्हणाली, "बाईंना सांगा, दात नवे आहेत, घासून आखूड करून घेतो, महिनाभर थांबा. तोंड का शिवलंय?"

"त्या फुंकणीपुढे पदर पसरू?"

"मग बसा मोती कुरवाळत."

मास्तरांची परीक्षा बघायला सगळा वर्ग बसला होता. मास्तरांचा पहिलाच शब्द चाचरला, तशी मोठी बाई हळूच म्हणाली, "सर, काही त्रास आहे का? आपण नंतर घेऊ."

एक हो पुरला असता.

"मला कसला त्रास?" म्हणत मास्तरांनी स्वतःच पट्टी ओठांसमोर धरली. शिट्टी वाजली. त्यांनी जोर लावला, कवळी सटकली, ओठ मिटले आणि पट्टी फाडकन उडाली.

"फुंकणी!" मागून कुणीतरी म्हणालं. पट्टी उडवणाऱ्याचं ते नाव कचेरीत वाडवडिलांच्या भांड्यासारखं टिकून होतं. सगळे हसले. बाई हसली नाही, आणि तेच मास्तरांना जास्त झोंबलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, तुमचा जुना आवाज टेपवर आहे. उद्यापासून वर्गात तोच लावू. पट्टी धरायला मात्र तुम्हीच या. हात अजून स्थिर आहे तुमचा."

घरी येऊन मास्तरांनी कवळी वाटीतल्या पाण्यात सोडली. बायकोनं विचारलं, "काय झालं?"

"फजिती," ते म्हणाले.

बोळक्या तोंडातून, दोन ओठ मिटून, फ कसा खणखणीत आला. जन्मभर ज्याला वर्गाबाहेर हाकललं, तो दातांवाचूनही घरात टिकून होता.

"चला," बायको वाटी उचलत म्हणाली, "एवढं तरी स्वच्छ बोललात."