अक्कांच्या दारातली पाच खोकी

चहा घ्या हो, निवतोय. तोवर मी माझी अब्रू माझ्याच हाताने वेशीवर टांगते. नाहीतरी आमच्या एचएसआर लेआउटमधल्या अख्ख्या सोसायटीला ही गोष्ट पाठ झालीये, तुम्हीच तेवढे राहिलात.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. काम दिसलं की माझे हात शिवशिवतात. विचार काय, नंतरही करता येतो! निखिल, म्हणजे माझा नवरा, एकदा सकाळी सहज म्हणाला, "पडदे जुनाट झालेत, नाही?" संध्याकाळी घरी आला तर एकाही खिडकीला पडदा नाही. जुने मी देऊन टाकले होते. आणि नवे? ते अजून बघायचे होते. आठवडाभर आम्ही दिवे बंद करून कपडे बदलत होतो.

ऑफिसातही तेच. माझे मॅनेजर रघू सर मीटिंगमध्ये म्हणाले, "तो जुना सर्व्हर कधीतरी बंद करायला हवा." मी जेवणाच्या सुट्टीआधी केला बंद! त्यावर तीन टीम अजून काम करत होत्या, हे मला कोणी सांगितलं होतं का? नाही. मी कोणाला विचारलं होतं का? जाऊ दे, पुढे ऐका.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. पण माणूस सज्जन. म्हणाले, "मनाली, तुम्हारी एनर्जी अच्छी है. बस, कुछ भी करने से पहले किसी एक से पूछो. सिर्फ एक से."

घरी येऊन निखिलला सांगितलं, तर तो म्हणतो, "बरोबर आहे त्यांचं. आणि उरलेला जोर सोसायटीत लाव. माझ्या कपाटाला हात लावू नकोस."

लावला जोर! सोसायटीच्या स्वच्छता समितीत शिरले. नवरात्राच्या आठ दिवस आधी समितीत ठरलं की पॅसेजमधली अडगळ हलवायची. बाकीचे मेंबर शनिवारी त्याची यादी करणार होते. यादी! मी गुरुवारी दुपारीच भंगारवाल्याला टेम्पोसकट गेटवर उभा केला.

तिसऱ्या मजल्यावर अक्कांचं दार. अक्का आणि अण्णा म्हणजे इथलं जुनं मराठी जोडपं. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेले, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं. त्यांच्या दाराबाहेर पाच खोकी, जुन्या धोतरांनी बांधलेली, वर बोटभर धूळ. माझे हात जे शिवशिवले! पण मला सर आठवले. एकाला विचारायचं. मी बेल वाजवली. बघा, किती सुधारले होते!

अक्का चिकपेटच्या बाजारात गेल्या होत्या. दार अण्णांनी उघडलं.

"अण्णा, हे सामान तुमचंच ना?"

"आमचंच की! अक्काच्या आईच्या वेळचं. वर्षभर माळा अडवून बसतंय. काढा, पुसा, परत बांधा. माझी पाठ गेली बघ!"

"म्हणजे ताप झालाय नुसता."

"एन माडोदु? काय करणार?" अण्णांनी सुस्कारा सोडला.

"तुम्ही काळजीच सोडा. मी उचलते सगळं."

अण्णांचा चेहरा उजळला. "देवासारखी आलीस गो! उचल, उचल. मी स्वल्प कॉफी टाकतो तुला."

आता मला सांगा, विचारलं की नाही मी? आत कॉफी उकळेपर्यंत इकडे पाचही खोकी टेम्पोत. वॉचमनला हाताशी घेतलं, चार फेऱ्या, टेम्पो रवाना, खेळ खलास! मोकळ्या पॅसेजचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पटापट अंगठे यायला लागले. मी अण्णांच्या सोफ्यावर विजयी मुद्रेने बसले आणि कॉफीचा पहिला घोट घेतला.

अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. "खोकी कुठल्या खोलीत ठेवलीस गो?"

"खोलीत?" मी म्हटलं.

तेवढ्यात अक्का आल्या. हातात चिकपेटहून आणलेलं लाल कापड. पायऱ्यांवर अंथरायला.

कसल्या पायऱ्या विचारताय? इकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सगळ्यात वर लाकडी राजा-राणीची जोडी. ती आई लेकीला लग्नात देते. अक्कांना त्यांच्या आईने दिलेली, आईला तिच्या आईने. हे सगळं मला तेव्हा कळलं, हातात कॉफीचा पेला धरून.

अक्का ओरडल्या नाहीत हो. चपलांच्या कपाटावरच टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आईचं तेवढंच होतं माझ्यापाशी." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं. खरंच फुटलं. आपल्या घाईपायी कोणाची आई टेम्पोत घालून पाठवली आपण, असं वाटलं.

पण मी काय रडत बसणारी आहे? तीन मजले धावत उतरले, पहिली दिसली ती रिक्षा थांबवली.

"एल्लि मेडम?" रिक्षावाल्याने विचारलं.

"चला! लवकर चला!"

बिचारा निघाला. दोन सिग्नल गेले. त्याने पुन्हा विचारलं, "मेडम, पण जायचं कुठे?"

अरेच्चा! भंगारवाल्याचं दुकान कुठे आहे ते मला कुठे माहीत होतं? फोन करावा म्हटलं, तर फोन अण्णांच्या टेबलावर, कॉफीशेजारी. फिरवली रिक्षा. पैसे वॉचमनकडून उसने घेऊन दिले आणि धापा टाकत वर आले.

वर अक्का शांतपणे फोनवर कन्नडमध्ये बोलत होत्या. त्या भंगारवाल्याला त्या वीस वर्षं रद्दी देतायत! मी धावण्याआधी नुसतं विचारलं असतं तरी नंबर मिळाला असता. त्याने कोपऱ्यावरच एक खोकं उघडून पाहिलं होतं. राणीचा चेहरा दिसताच हात जोडले आणि पाचही खोकी पुढे आपल्या सीटशेजारी घेतली. तो परतच येत होता.

आल्यावर म्हणाला, "देवाच्या बाहुल्या कोणी भंगारात देतं का अक्का? मी विचारणारच होतो. पण या मेडम थांबतील तर ना!"

एका बाहुलीचा टवकाही उडाला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात मी पहिलं खोकं उचलायला वाकले, तर अक्का, अण्णा आणि भंगारवाला, तिघं एकदम ओरडले, "बेडा!"

कन्नड येत नसलं तरी 'नको' मला त्या दिवशी नीट समजलं.

घटस्थापनेला अक्कांनी आम्हाला आग्रहाने बोलावलं. अख्खी सोसायटी जमलेली. वर राजा-राणी थाटात. सगळ्यात खालच्या पायरीवर अक्का दरवर्षी एक नवा देखावा करतात. यंदा तिथे छोटासा टेम्पो, त्यात पाच इवलीशी खोकी, आणि पुढे केस उडवत धावणारी, कुर्ता घातलेली एक बाहुली. सगळे आळीपाळीने बाहुलीकडे आणि माझ्याकडे बघत होते!

मी वाकून पाहिलं. बाहुलीच्या पायाला लाल दोरा, पायरीच्या खिळ्याला करकचून बांधलेला.

"अक्का, हिलाच का बांधलंय?"

"बाकीच्या ठेवलेल्या जागी बसतात गो. हिला सोडली तर राजा-राणीला उचलून गेटवर नेऊन देईल!"

हसून हसून लोकांच्या हातातल्या उसळीच्या वाट्या हलायला लागल्या. निखिल मात्र हसला नाही. तो अगदी गंभीर चेहऱ्याने पुढे झाला.

"अक्का, हा दोरा चिकपेटमध्ये कुठल्या दुकानात मिळाला? मला पाच मीटर हवाय."