थोरल्या बुवांची बंदिश

आमच्या गाण्यात नवं काही करणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. शास्त्रीय संगीतात मी नव्या बंदिशी बांधते असं सांगितलं की लोक असं बघतात, जणू मी देवळातला देव हलवून तिथे दुसराच आणून बसवलाय. अरे बाबांनो, दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी ह्याच रागात चार ओळी बांधल्या तेव्हा त्याही नव्याच होत्या की! पण सांगायचं कुणाला? सातपूरला दोन खोल्यांत गाण्याचा क्लास चालवते मी, बावीस वर्षं झाली. सात वह्या भरल्या बंदिशींनी. त्यातल्या लोकांपुढे गायल्या गेल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात, आणि त्याही क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात, जिथे आया आपापल्या पोरींचे व्हिडिओ काढण्यात गर्क असतात.

बंदिशीच्या दुसऱ्या भागात, म्हणजे अंतऱ्यात, बांधणाऱ्यानं आपलं नाव गुंफायची रीत आहे. ते पाळण्यातलं नाव नसतं. आमच्याकडे ते गुरूनं द्यायचं असतं, त्याला आम्ही मुद्रा म्हणतो. माझ्या गुरुजींनी तिघांना मुद्रा दिली. तिघेही पुरुष, हे मी मुद्दाम सांगते. मला नाही दिली. माझ्या प्रत्येक बंदिशीत नावाच्या जागी मी नुसता आकार, म्हणजे ‘आ’चा सूर, लावत आले. मला पुरस्कार नको होता, मोठा मंच नको होता. गुरुजींनी एकदा म्हणावं, ‘हे घे तुझं नाव’, बस. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहावं, हे माझ्या नवऱ्याला कधी पटलं नाही.

दर नवी बंदिश घेऊन मी पंचवटीत त्यांच्याकडे जायचे. स्कूटर भाजीबाजाराच्या अलीकडेच लावावी लागते, पुढे गल्लीत ती वळतच नाही. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे, मांडीवर बोटानं मात्रा मोजायचे. मग म्हणायचे, ‘‘बरी आहे. ठेव बाजूला.’’ कधी कुठे चुकलं ते सांगितलं नाही. चुकलं म्हणाले असते तर भांडले तरी असते.

मग माझी आई गेली. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी बसून असायचे. तिचा श्वास मध्येच थांबायचा. संपलं आता, असं वाटायचं, आणि मग तो यायचा. ती गेल्यावर महिन्याभरानं, कणीक मळता मळता, मारवा रागात एक बंदिश सुचली. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम. सगळी बंदिश तिथे येऊन टेकते, ऐकणाऱ्याची मान तिथेच हलते. मी ती सम मोकळी सोडली. शब्द यायचा अर्धी मात्रा उशिरा. त्या अर्ध्या मात्रेत आई होती माझी. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही.

ती बंदिश मी गुरुजींकडे नेली नाही. हिंमतच झाली नाही. बाकीच्या ठेवल्या बाजूला, त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. पण हीसुद्धा बाजूला ठेव म्हणाले असते तर मी गाणं सोडलं असतं.

आणि मग मी जे केलं ते म्हणजे हात दाखवून अवलक्षण. गुरुजींना ऐंशी पूर्ण झाली म्हणून आम्ही शिष्यांनी एक बैठक ठरवली. थोरले बुवा म्हणजे गुरुजींचे गुरू, त्यांच्या बंदिशी प्रत्येकानं एकेक गायच्या. माझ्या वाट्याला आली यमनातली, जी नाशकातल्या प्रत्येक क्लासात पोरं घोकतात. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, माझ्याकडे थोरल्या बुवांची एक कुणी न ऐकलेली बंदिश आहे. येवल्याला माझ्या आत्याच्या शेजारी एक आजी राहायच्या, त्या बुवांकडे थोडं शिकल्या होत्या, त्यांच्या वहीत मिळाली. आजी खऱ्या, वही खोटी. घरी येऊन अंतऱ्यात जिथे आकार होता तिथे बुवांची मुद्रा बसवली. मेली अशी चपखल बसली, की जणू जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती.

माझा बेत साधा होता. गुरुजी दाद देतील, आणि सगळ्यांसमोर मी हात जोडून सांगेन, ‘‘गुरुजी, माझी आहे.’’ मग बघू म्हटलं काय म्हणतात.

मी गायले. पहिल्यांदा सम मोकळी गेली तेव्हा गुरुजींचं बोट मांडीवर थांबलं. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडले. संपलं तेव्हा ते रडत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, ‘‘ही मी ऐकली आहे. बुवा सकाळी अंघोळ करताना गुणगुणायचे. मी गरम पाण्याची बादली घेऊन उभा असायचो. किती वर्षांनी कानावर पडली!’’

आता बोला. माझे जोडलेले हात तसेच राहिले. सगळ्यांना वाटलं, बाई गुरूपुढे भारावली.

पुढे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कुणीतरी फोनवर घेतलेलं रेकॉर्डिंग महिन्याभरात कुठे कुठे पोचलं. थोरल्या बुवांची हरवलेली बंदिश म्हणून लोक एकमेकांना पाठवायला लागले. मलाच ती तिघा-चौघांनी पाठवली, ‘तुम्हाला आवडेल’ म्हणून. गुरुजी ती शिकवायला लागले आणि शिकवताना त्यांनी शब्द सरकवून बरोबर समेवर आणून बसवला. म्हणाले, त्या येवल्याच्या बाईनं उतरवून घेताना चूक केली असणार, बुवा समेला असं सोडणार नाहीत. सगळे तशीच गाऊ लागले. एका स्पर्धेत मी परीक्षक होते. एका मुलीनं ती गायली, ऐटीत मान हलवत, शब्द धाडकन समेवर. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी मला ऐकवलं, की तुमची जुनी पद्धत अशुद्ध होती हो. मी हसले. घरी आल्यावर बाथरूमचं दार लावून घेतलं आणि नळ सोडून ओक्साबोक्शी रडले.

त्यानंतर नवं काही सुचेना. सुचलं तरी चार स्वरांपुढे जाईना. ही वही उघडायची, ती मिटायची. नवरा म्हणाला, ‘‘जाऊन सांग एकदाचं. त्यांनी नाही ऐकलं तर तुला तरी झोप लागेल.’’

गेल्या हिवाळ्यात गेले. पर्समध्ये ती मारव्याची वही घेतली होती. खोडलेल्या ओळी, तीनदा बदललेला मुखडा, कोपऱ्यात सुकलेली कणीक. ह्याहून पुरावा काय हवा? दुपारची वेळ, गुरुजी खाटेवर पडून होते. गाण्याचा आवाज गेलेला, डोकं मात्र लख्ख.

मी म्हटलं, ‘‘गुरुजी, मारव्यातली ती बंदिश बुवांची नाही. माझी आहे. मी खोटं बोलले.’’

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, आजाऱ्याचा घेतात तसा.

‘‘बाळ, हाव वाईट असते. मी तिथे होतो ना. बादली माझ्या हातात होती. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस.’’

‘‘गुरुजी, मी बांधली ती. आई गेली तेव्हा.’’

‘‘तुला मुद्रा हवी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मला माहीत नाही का? इतकी वर्षं कळत होतं. पण आतून आल्याशिवाय कशी देऊ? असं एक तरी बांधून आण. अशी एक. त्या दिवशी देतो नाव.’’

‘‘हो, गुरुजी,’’ मी म्हटलं.

पर्स मांडीवरच होती. वही काढून त्यांच्या हातात द्यायला क्षणभर पुरे होता. मी का काढली नाही, ह्याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ दिवस गोड करून देत होते, की म्हाताऱ्या माणसाची आठवण कशाला हिरावून घ्यायची वगैरे. तसं काही नव्हतं. त्यांनी चष्मा लावून ती वही वाचली असती आणि त्यांची खात्री पटली असती. आणि मग ती बंदिश त्यांना आवडेनाशी झाली असती. मी त्यांच्या पाया पडले, उशाचा तांब्या भरून ठेवला आणि निघाले.